चिठ्ठी टाका, पण आधी जोड्या लावा!

संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी हसलेच. माझी दहावीपर्यंतची सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. वर्गात मराठीत बोललं की एक रुपया दंड! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. (माझी रूम पार्टनर पक्की साताऱ्याची आहे, तिने एकदा नजर फिरवली आहे. उरलेल्या चुका तिच्या!) तरी मराठीतच लिहायचा हट्ट धरला, कारण हा विषय मी माझ्या मावशीला मराठीतच समजावून सांगितला होता, आणि सांगता सांगता मलाच तो पहिल्यांदा नीट कळला.

झालं असं की गेल्या दिवाळीनंतर मावशीला स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. ऑपरेशन झालं. पुढच्या ट्रीटमेंटच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "एका नव्या गोळीची ट्रायल चालू आहे, त्यात भाग घ्याल का? नेहमीची ट्रीटमेंट दोन्ही गटांना मिळणारच. एका गटाला तिच्यासोबत नवी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार."

काका लगेच पुढे सरसावले. "डॉक्टरसाहेब, वरती आपली ओळख आहे. नव्या गोळीच्याच गटात टाकता येईल का?"

डॉक्टर म्हणाले, "ओळख काढून उपयोग नाही. मलासुद्धा आधी कळत नाही."

घरी आल्यावर मावशीचा बांध फुटला. "म्हणजे माझ्या जिवाची सोरट लावली म्हणा ना! जत्रेत लावतात तशी. अगं, तू इंजिनिअर होणार ना? तूच सांग, शिकलेली माणसं असं करतात का?"

मित्र-मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. टी-टेस्टची गणितं मी पेपरात सोडवली आहेत, मार्कही मिळवले आहेत, पण ती कशासाठी हे कोणी विचारलं नव्हतं. हॉस्टेलवर परत आले आणि सबमिशन बाजूला ठेवून लायब्ररीत बसले. तिथे जे सापडलं त्यावरून माझं मत बनलं ते असं : औषध कोणाला द्यायचं याची निवड माणसाच्या हातात ठेवू नये, आणि सगळी निव्वळ नशिबावरही सोडू नये. आधी सारखे-सारखे पेशंट एकत्र आणावेत, आणि मग त्यांच्यात चिठ्ठी टाकावी. ही सोरट नाही, हे डिझाइन आहे.

आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला प्रश्न. डॉक्टरांनाच ठरवू दिलं तर काय बिघडलं? ते चांगले असतात, शिकलेले असतात. याचं उत्तर स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांच्या दुधात आहे. १९३० साली लॅनार्कशायर भागातल्या ६७ शाळांत एक भला मोठा प्रयोग झाला. दहा हजार मुलांना चार महिने रोज पाऊण पाइंट दूध दिलं आणि दहा हजार मुलांना दिलं नाही. दोन्ही गटांची वजनं-उंची आधी आणि नंतर मोजली. वीस हजार मुलं! एवढ्या मोठ्या प्रयोगात काय चुकणार?

चुकलं ते मुलं निवडताना. काही शाळांत चिठ्ठ्या टाकल्या, काही ठिकाणी आडनावांच्या क्रमाने निवड केली. इथपर्यंत ठीक. पण एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा कुपोषित मुलं जास्त वाटली तर अदलाबदल करायची मुभा शिक्षकांना दिली होती. शिक्षक ते, त्यांना मुलांची कणव. समोर एक हडकुळं पोर आणि एक गुटगुटीत पोर असेल तर दूध कोणाच्या हातात जाईल? तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. परिणाम असा झाला की दूध न मिळालेला गट सुरुवातीलाच वजनाने आणि उंचीने वरचढ निघाला.

यावर १९३१ मध्ये कडक टीका करणारा माणूस म्हणजे विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणारा आणि 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारा. होय, आपल्या स्टुडंट्स टी-टेस्टवाला स्टुडंट तो हाच! त्याने आणखी एक गंमत दाखवली. मुलांची वजनं कपड्यांसकट केली होती, पहिल्यांदा फेब्रुवारीच्या थंडीत आणि नंतर जूनमध्ये. श्रीमंत मुलांच्या अंगावर हिवाळ्यात जाड कपडे, गरिबांच्या अंगावर कमी. जूनमध्ये श्रीमंतांचे कपडे उतरले, म्हणजे त्यांचं वजनही 'उतरलं'. गरीब मुलं दुधाच्या गटात जास्त असतील तर कपड्यांचा हा फरक दुधाच्या खात्यात जमा होणार! गॉसेटचं म्हणणं होतं की वीस हजार मुलांपेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला दूध द्या, कोणाला ते नाणं उडवून ठरवा. खर्च कितीतरी कमी आणि उत्तर जास्त भरवशाचं.

मला यातली सर्वात मोठी गोष्ट वाटते ती ही की इथे कोणी लबाडी केली नव्हती. प्रयोग बिघडला तो चांगुलपणामुळे. काकांची ओळख आणि त्या शिक्षकांची कणव, दोन्हींचा परिणाम एकच. निवडीत माणसाचं मन शिरलं की दोन गट सारखे राहत नाहीत.

मग दुसरा उपाय : एक आड एक. पहिला पेशंट या गटात, दुसरा त्या गटात. आमच्या शाळेत पी.टी.च्या मिस असेच संघ पाडायच्या. रांगेत उभं करून "वन, टू, वन, टू..." आम्ही काय करायचो? मिसची पाठ वळली की रांगेत जागा बदलून मैत्रिणीच्या संघात जायचो. पुढचा नंबर आधी कळला की माणूस जागा बदलतोच. हॉस्पिटलातही तेच होणार. पुढचा पेशंट नव्या औषधाच्या गटात जाणार हे माहीत असेल तर डॉक्टर नकळत म्हणतील, "या आजीबाई जरा नाजूक आहेत, यांना उद्या बोलावू."

म्हणून १९४८ साली छापून आलेली ब्रिटनमधली स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल आजही आदराने शिकवली जाते. टीबीवरचं हे औषध तेव्हा तिकडे फार थोडं उपलब्ध होतं. सगळ्यांना पुरणारच नव्हतं, मग वाटप वशिल्याने का करा? ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने रँडम आकड्यांवरून याद्या केल्या आणि प्रत्येक पेशंटचा गट बंद पाकिटात ठेवला. पेशंट ट्रायलमध्ये घ्यायचं नक्की झाल्यावरच पाकीट उघडायचं. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. ज्यांना फक्त बिछान्यात विश्रांती, म्हणजे तेव्हाचा नेहमीचा उपचार मिळाला त्या ५२ जणांपैकी १४ दगावले.

बंद पाकिटाची गोष्ट सगळे सांगतात. पण बारकाईने वाचलं तर आणखी एक गोष्ट दिसते. हिलने सगळ्यांसाठी एकच यादी केली नव्हती. प्रत्येक केंद्रासाठी वेगळी, आणि त्यातही पुरुषांची वेगळी, स्त्रियांची वेगळी. शिवाय ट्रायलमध्ये पेशंट घेतले तेसुद्धा तरुण आणि एकाच प्रकारच्या टीबीचे. म्हणजे चिठ्ठी टाकण्याआधीच त्याने बरीचशी साफसफाई करून घेतली होती. का?

कारण नुसतं नाणं फार खट्याळ असतं! विश्वास बसत नसेल तर आत्ता खिशातून एक काढा. आम्ही रूमवर केलं. वीस वेळा उडवलं, तेरा छापे आणि सात काटे. पार्टनर म्हणाली, नाणं खोटं आहे. नाणं खरंच होतं. वीस वेळा नाणं उडवलं तर बरोबर दहा-दहा पडण्याची शक्यता फक्त १७.६ टक्के. आणि १४-६ किंवा त्याहून वाईट वाटणी पडण्याची शक्यता ११.५ टक्के, म्हणजे साधारण नवातून एकदा. आता छाप्या-काट्याच्या जागी माणसं ठेवा. समजा एका छोट्या ट्रायलमध्ये अशा वीस बायका आहेत ज्यांचा कॅन्सर काखेतल्या गाठींपर्यंत पोचला आहे. नुसत्या नाण्याने त्यातल्या १४ जुन्या ट्रीटमेंटकडे आणि ६ नव्या गोळीकडे गेल्या. पुढे नवी गोळी जिंकली, तर ती गोळी चांगली म्हणून जिंकली की तिच्या वाट्याला सोपे पेशंट आले म्हणून?

यावर कोणी म्हणेल, मग दोन्ही गटांत डोकी सारखी ठेवा, झालं! नाही हो, तेवढ्याने होत नाही. अमेरिकेत १९६१ मध्ये मधुमेहाच्या औषधांची एक मोठी ट्रायल सुरू झाली. त्यात टोलब्युटामाइड या गोळीच्या गटात २०४ आणि औषध नसलेल्या गोळीच्या गटात २०५ पेशंट. डोकी बघा किती सारखी! १९७० मध्ये निकाल आला तो धक्कादायक. हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने टोलब्युटामाइडच्या गटात २६ मृत्यू, दुसऱ्या गटात १०. लगेच टीकाकार उठले. तुमच्या गोळीच्या गटात म्हातारे जास्त होते, ज्यांचं हृदय आधीच कमजोर ते जास्त होते, मग मृत्यू जास्त होणारच! संख्याशास्त्रज्ञांनी हे फरक हिशेबात धरून पुन्हा गणित केलं, तरी संशय पुसला गेला नाही. पण वाद वर्षानुवर्षं चालला आणि अमेरिकेत अशा गोळ्यांवर हृदयाच्या धोक्याची ठळक सूचना सक्तीची व्हायला १९८४ उजाडलं. तोपर्यंत त्या गोळ्या घेणाऱ्यांनी कोणाचं खरं मानायचं? गटांचा समतोल हा कागदावरचा शौक नाही, तो निकालावरच्या विश्वासाचा प्रश्न आहे.

मग उपाय काय? हा उपाय मला पुस्तकात वाचायच्या आधीच माहीत होता, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं!

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आजोळी जायचो. तिथे संध्याकाळी कबड्डी, लंगडी, विटीदांडू. संघ कसे पाडायचे? 'वन-टू' नाही. दोन सारख्या ताकदीच्या पोरांनी जोडी जमवायची. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लांब जायचं आणि गुपचूप नावं ठरवायची, एक 'चाफा' तर एक 'मोगरा'. मग येऊन दोन कप्तानांना विचारायचं, "चाफा पाहिजे की मोगरा?" चाफा कोण हे कप्तानाला ठाऊक नसतं. जो आला तो तुझा भिडू, दुसरा समोरच्याचा. तगड्या पोरांची जोडी फुटून एकेक दोन्हीकडे, लिंबूटिंबूंची जोडी फुटून एकेक दोन्हीकडे. वशिला नाही, आणि सगळे तगडे एकीकडे जायची भीतीही नाही. गॉसेटच्या जुळ्यांच्या जोड्या त्या याच! आपल्या गावातली सात-आठ वर्षांची पोरं हे रोज करतात.

ट्रायलमध्ये अडचण एवढीच की सगळे पेशंट एका संध्याकाळी मैदानावर जमत नाहीत, ते महिनोन्‌महिने एकेक करून येतात. म्हणून जोड्यांऐवजी कप्पे करतात. वय पन्नासच्या आत की वर, गाठींपर्यंत आजार पोचलाय की नाही, कुठलं हॉस्पिटल, असे कप्पे. प्रत्येक कप्प्यात चार-चार चिठ्ठ्यांचा गठ्ठा, त्यात दोन नव्याच्या आणि दोन जुन्याच्या, पण क्रम उलटसुलट. असे सहा क्रम होतात, करून बघा. गठ्ठा संपला की त्या कप्प्यात वाटणी बरोबर निम्मी-निम्मी. पण कोणाला गठ्ठा चारचा आहे हे कळलं आणि तीन चिठ्ठ्या उघडल्या, तर चौथी ओळखता येते. पुन्हा आमची 'वन-टू'ची रांग! म्हणून गठ्ठ्यांचा आकारही कधी चार, कधी सहा असा बदलता ठेवतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत.

उत्साहाच्या भरात कप्पे फार केले तरी फसतं. स्त्री-पुरुष २, वयाचे ३, आजाराच्या पायऱ्या ३ आणि हॉस्पिटलं १०, गुणाकार केला तर १८० कप्पे! पेशंट दोनशे असतील तर एका कप्प्यात एक किंवा दोन. गठ्ठा कधी पुरा व्हायचाच नाही. यावर १९७४ मध्ये टेव्हस यांनी आणि १९७५ मध्ये पोकॉक व सायमन यांनी एक पद्धत मांडली, तिला मिनिमायझेशन म्हणतात. मेसमध्ये दोन रांगा असतील तर आपण छोटीत घुसतो ना, तसंच. समजा नवीन पेशंट पन्नाशीच्या वरची आहे आणि तिला गाठी आहेत. आतापर्यंत पन्नाशीच्या वरच्या बायका 'अ' गटात १२ आणि 'ब' गटात १०, गाठीवाल्या 'अ' मध्ये ९ आणि 'ब' मध्ये ८. म्हणजे हिला 'ब' मध्ये घातलं तर एकूण फरक कमी होतो. पण सरळ 'ब' मध्ये घालायचं नाही, नाहीतर हिशेब ठेवणारा पुढचा नंबर ओळखेल. 'ब' कडे झुकणारं नाणं उडवायचं, म्हणजे समजा ८० टक्के शक्यता 'ब' ची आणि २० टक्के 'अ' ची. नशीब राहतं, पण लगाम घातलेलं.

इथे एक शंका येते, ती मलाही आली. आपण कप्पे करणार ते आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींचे. जे माहीतच नाही त्याचं काय? एखादीच्या रक्तात असं काही असेल जे अजून कोणी शोधलेलंच नाही. त्यासाठीच चिठ्ठी कायम लागते. माहीत असलेल्या गोष्टी आपण हाताने सारख्या करायच्या, आणि माहीत नसलेल्यांची वाटणी पक्षपात न करणाऱ्या नशिबावर सोडायची. शिवाय पेशंट जसजसे वाढतात तसतसा नाण्याचा खट्याळपणा कमी होतो. तरी पूर्ण जात नाही. कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलमध्ये डेक्सामेथासोनच्या गटात २,१०४ आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४,३२१ पेशंट होते. वाटणी कप्प्यांशिवाय, साधी रँडम. एवढे पेशंट असूनही औषधाच्या गटाचं सरासरी वय १.१ वर्षांनी जास्त भरलं. त्यांनी ते लपवलं नाही. अहवालात स्पष्ट लिहिलं आणि हिशेब वयाप्रमाणे दुरुस्त करून मांडला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले होते. ते स्वस्त औषध मग जगभर वापरलं गेलं. म्हणजे समतोल आधी साधता आला नाही तर निदान नंतर उघडपणे हिशेबात धरा. चिठ्ठ्या उघडल्यावर माणसं इकडची तिकडे मात्र करू नका.

आता जरा आपल्या घरात डोकावते. सर, रागावू नका! गेल्या सेमिस्टरला आपल्या विभागात संध्याकाळची जादा लेक्चर्स झाली. नोटीस बोर्डवर बार चार्ट लागला, जादा लेक्चरला बसलेल्यांचा निकाल कितीतरी चांगला. पण बसलं कोण होतं? ज्यांनी स्वतःहून नावं दिली ते. संध्याकाळी सहाला मॅच सोडून वर्गात येणारा मुलगा जादा लेक्चर नसतं तरी पास झाला असता की नाही? १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगच्या साथीत हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात लस दिली ती पुढे आलेल्या कैद्यांना. पण पुढे येणारा आणि मागे राहणारा सारखेच असतात असं कसं धरायचं? तेव्हा साथ दारात उभी होती, थांबायला वेळ नव्हता. आपल्याला तर आख्खी सेमिस्टर आहे.

माझी सूचना साधी आहे. जागा साठच असतात आणि नावं दुप्पट येतात. मग नाव देणाऱ्यांच्याच जोड्या लावा. दोन केटीवाला दोन केटीवाल्यासोबत, फर्स्ट क्लासवाला फर्स्ट क्लासवाल्यासोबत, हॉस्टेलवाला हॉस्टेलवाल्यासोबत. आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवा. जागा तशाही सगळ्यांना पुरत नाहीत, म्हणजे अन्याय कोणावर नाही, उलट "सरांच्या मर्जीतले" हा आरोप तरी बंद होईल. आणि सेमिस्टर संपल्यावर लागणाऱ्या बार चार्टवर आम्हीही विश्वास ठेवू.

असो. मावशीकडे वळते. तिला मी हे सगळं सांगितलं, दुधाची गोष्ट आणि चाफा-मोगरासकट. चाफा-मोगरा तिला लगेच कळलं, कारण ती लहानपणी त्याच अंगणात खेळली आहे. मग आम्ही दोघींनी एका कागदावर प्रश्न लिहिले. गट पाडताना कशाकशाचे कप्पे केलेत? पुढचा नंबर कोणाला आधी कळतो का? मला मधेच सोडावंसं वाटलं तर माझी नेहमीची ट्रीटमेंट चालू राहील ना? आपल्या देशात ट्रायलची सरकारी नोंदणी २००७ पासून सुरू झाली आणि २००९ पासून ती सक्तीची आहे. ती नोंद इंटरनेटवर कोणालाही बघता येते, आणि वाटणी कशी केली, ती लपवली कशी, याचेही रकाने तिच्यात आहेत. मावशीच्या ट्रायलची नोंद आम्ही उघडली. कप्पे करून, गठ्ठ्याने, असं लिहिलेलं होतं. डॉक्टरांनीही प्रश्नांची उत्तरं शांतपणे दिली. तिसऱ्याचं उत्तर होतं, "कधीही सोडा, ट्रीटमेंट चालूच राहील."

मावशीने सही केली. काकांनी ओळख काढली नाही. ती रोज सकाळी चहानंतर गोळी घेते. ती गोळी खरी आहे की नुसतीच दिसायला तशी, हे तिला माहीत नाही, मला नाही, तिच्या डॉक्टरांनाही नाही. मी रविवारी फोन केला की ती हसून म्हणते, "अजून कळलं नाही गं, मी चाफा की मोगरा!" मला मात्र दर वेळी पोटात खड्डा पडतो. एवढं सगळं वाचूनही पडतो. पण तिच्यासारखीच कोणीतरी, तिच्याच वयाची, तिच्याच इतक्या आजाराची बाई समोरच्या गटात आहे, आणि त्या दोघींमुळे पुढच्या मावशीला काय द्यायचं ते नक्की कळेल, एवढा भरवसा आता मला आहे.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स
(लेडीज हॉस्टेल)